‘कबूल है’च्या आधी वाचायचा कागद

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका मुलीचा निकाह दोन महिन्यांवर आलाय. शिकलेली आहे, नोकरी करते. तिने विचारलंय : “ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणतात, तुमच्या धर्मात बाईला हक्कच नाहीत. खाला म्हणते, इस्लामने चौदाशे वर्षांपूर्वीच सगळं देऊन ठेवलंय. खरं कुणाचं मानू? आणि निकाहच्या आधी मी काय बघून घ्यायला हवं?”

तू माझ्या लेकीच्या वयाची दिसतेस, म्हणून अगं-तुगं करते. वीसेक वर्षं मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करतेय. माझ्याकडे येणाऱ्या मुसलमान बायकांपैकी बहुतेकींनी स्वतःचा निकाहनामा, म्हणजे निकाहाचा करारकागद, पहिल्यांदा नीट वाचलेला असतो तो माझ्या टेबलावर, आणि तोही सासरच्या कपाटातून सुटून हाती आला असेल तर. म्हणून तुझा दुसरा प्रश्न वाचून मला बरं वाटलं. पहिला प्रश्न वादाचा, दुसरा कामाचा. पण पहिल्याला बगल देऊन दुसऱ्याकडे जाता येत नाही.

खाला जे सांगते ते कुराणात आहे. चौथ्या सूऱ्याचं, म्हणजे अध्यायाचं, नावच ‘निसा’, म्हणजे बायका. त्यातली चौथी आयत, म्हणजे वचन, म्हणते, बायकांना त्यांचा मेहेर (निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायचा ऐवज) खुशीने द्या. सातवी म्हणते, आईबाप आणि नातलग मागे ठेवून जातात त्यात पुरुषांचा वाटा आहे तसा बायकांचाही आहे, माल थोडा असो की फार. एकोणिसावी म्हणते, बायकांना जबरदस्तीने वारशात घेऊ नका. कारण त्या काळच्या अरबस्तानात माणूस मेला की त्याच्या विधवेवर वारस हक्क सांगायचे. लग्नानंतरही बाईची कमाई आणि मिळकत तिचीच, नवऱ्याचा त्यात हात नाही. हीच गोष्ट इंग्लंडातल्या विवाहित बायकांना पुरती मिळाली ती १८८२ च्या कायद्याने. खाला अभिमानाने सांगते त्यात खोटं काही नाही.

पण त्याच सूऱ्याच्या अकराव्या आयतीत मुलाला दोन मुलींइतका वाटा आहे. चौतिसाव्या आयतीत पुरुषांना बायकांवर ‘कव्वाम’ म्हटलंय. कुणी त्याचा अर्थ हुकूमत असा लावतो, कुणी पोसण्याची जबाबदारी असा. अमिना वदूद यांच्यासारख्या अभ्यासक ही आयत मुळात जबाबदारीची आहे असं मांडतात, आणि परंपरेतले बहुसंख्य आलिम, म्हणजे धर्मपंडित, ते मानत नाहीत. तलाक नवरा स्वतः उच्चारू शकतो, बायकोला तो मागावा लागतो. एका पुरुषाला चार निकाहांची मुभा आहे. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. ‘इस्लाममध्ये बाई आणि पुरुष तंतोतंत समान आहेत’ हे वाक्य मी कोर्टात कधी उच्चारलं नाही आणि घरीही नाही.

तरीही मैत्रिणी आणि खाला या दोघींच्याही बोलण्यातून एक गोष्ट निसटते. निकाह हा करार आहे. त्याला दोन पक्ष आहेत आणि त्यातला एक पक्ष तू आहेस. मेहेरपुरती तर तू धनको आहेस, नवरा ऋणको. करार म्हटला की त्यात अटी घालता येतात, रक्कम ठरवता येते, प्रत मागता येते. आपल्याकडे होतं काय, तर करार दोन्हीकडचे पुरुष आपसात ठरवतात आणि बाईपुढे येते ती फक्त सहीची जागा. माझ्या अनुभवात बायकांचं नुकसान आयतींनी केलं त्याहून जास्त या कोऱ्या रकान्यांनी केलंय.

संमतीपासूनच बघ. बुखारीच्या हदीस-संग्रहात, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींत, खनसा बिन्त खिदाम यांची हकीगत आहे. बापाने मर्जीविरुद्ध निकाह लावला, त्या पैगंबरांकडे गेल्या, आणि पैगंबरांनी तो निकाह रद्द ठरवला. मला त्याहून आवडते ती बरीराची गोष्ट. बरीरा गुलाम होती. मुक्त झाल्यावर तिने गुलामीतल्या नवऱ्याला, मुगीसला, सोडायचं ठरवलं. तो मदिनेच्या गल्ल्यांतून रडत तिच्या मागे फिरायचा. पैगंबरांनी तिला म्हटलं, परत जा की त्याच्याकडे. तिने विचारलं, हा हुकूम आहे का? ते म्हणाले, नाही, मी फक्त शिफारस करतोय. मग मला त्याची गरज नाही, ती म्हणाली. तिथे विषय संपला. एक मुक्त झालेली गुलाम बाई खुद्द पैगंबरांना ‘हुकूम की शिफारस?’ असं विचारू शकते, आणि आपल्या मुली मामूंना ‘फॉर्ममध्ये काय लिहिलंय?’ एवढंही विचारत नाहीत.

आता मेहेर. इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. मेहेर म्हणजे नवरीची किंमत नव्हे आणि हुंडाही नव्हे. तो नवऱ्याने तुला द्यायचा आहे; तुझ्या अब्बांना नाही, त्याच्या घरात राहणाऱ्या तुझ्या सासूला तर नाहीच. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याने मेहेर स्पष्ट शब्दांत हुंड्याच्या व्याख्येबाहेर ठेवलाय. तो दोन तऱ्हांचा असतो : मुअज्जल, म्हणजे मागशील तेव्हा द्यायचा, आणि मुवज्जल, म्हणजे तलाक किंवा मृत्यूनंतर देय होणारा. उर्दूत हे दोन शब्द इतके सारखे दिसतात की घाईत लिहिलेल्या निकाहनाम्यात नेमका कोणता लिहिलाय यावर मी सुनावण्या झालेल्या पाहिल्यात. म्हणून तुझ्या फॉर्ममध्ये शब्दापुढे सरळ मराठीत लिहून घे : ‘निकाहच्या वेळी रोख दिला’ किंवा ‘मागताक्षणी देय’. मुअज्जल मेहेर मिळेपर्यंत, विशेषतः एकत्र राहायला लागण्याआधी, सासरी जायला नकार देण्याचा हक्क तुला आहे.

रक्कम किती? आपल्याकडे ७८६ रुपये लिहायची हौस आहे, नाहीतर अकरा हजार एकशे अकरा. बरकतीसाठी म्हणे. बरकत अल्लाकडे माग, फॉर्ममध्ये आकडा नीट लिही. शरियतने वरची मर्यादा घातलेली नाही. याच सूऱ्याच्या विसाव्या आयतीत ‘ढीगभर दिलं असलं तरी त्यातलं परत घेऊ नका’ असं म्हटलंय. खलिफा उमर यांनी मेहेरला मर्यादा घालायची ठरवली तेव्हा एका बाईने उठून हीच आयत ऐकवली आणि त्यांनी चूक कबूल केली, अशी कथा मशिदींच्या बयानांत नेहमी सांगतात. बयानांत सांगतात आणि फॉर्ममध्ये ७८६ लिहितात.

आकड्यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो कशात लिहितेस. शाहबानो यांचा निकाह १९३२ मध्ये झाला. ४६ वर्षांच्या संसारानंतर, १९७८ मध्ये नवऱ्याने तलाक दिला आणि मेहेर म्हणून कोर्टात तीन हजार रुपये जमा केले. नवरा इंदूरमधला नावाजलेला वकील. १९३२ मध्ये तीन हजार ही मोठी रक्कम होती. १९७८ मध्ये तिच्यावर बासष्ट वर्षांच्या बाईचं किती दिवस निघणार? म्हणून मेहेर सोन्यात लिहून घे, तोळ्यात किंवा ग्रॅममध्ये. धार्मिक आधार हवा असेल तर मेहेर-ए-फातिमी आहेच. तो परंपरेने चांदीतच मोजतात, सुमारे एकशे सव्वाएकतीस तोळे, म्हणजे दीड किलोच्या आसपास चांदी. ‘मेहेर-ए-फातिमी’ एवढंच लिहून सोडू नकोस. वजन लिही आणि ‘देण्याच्या दिवशीच्या भावाने’ हे तीन शब्द लिही.

आणि माफीचं काय? काही घरांत पहिल्या रात्रीच नवरा म्हणतो, मेहेर माफ कर. काही ठिकाणी जनाजा दारात असताना बायका विधवेला पुढे करतात : माफ कर बाई, त्याच्या मानेवरचं कर्ज उतरव. कुराणात माफीची मुभा आहे, पण ‘मनापासून, स्वखुशीने’ अशी अट घालून. कलकत्ता उच्च न्यायालयाने १९२० मध्येच सांगितलंय, की नवऱ्याच्या मृत्यूच्या दुःखात बुडालेल्या बाईने दिलेली अशी माफी तिच्यावर बंधनकारक नाही. मेहेर हे कर्ज आहे; वारसांत वाटणी होण्याआधी ते नवऱ्याच्या मालमत्तेतून फेडावं लागतं. विधवेच्या ताब्यात त्याची मिळकत रीतसर आलेली असेल, तर मेहेर मिळेपर्यंत तो ताबा धरून ठेवण्याचाही हक्क तिला आहे. फक्त मुदत लक्षात ठेव : मेहेर देय झाल्यापासून किंवा मागून नाकारला गेल्यापासून तीन वर्षांत दावा लावायचा.

मेहेरनंतर अटी. हा निकाहनाम्यातला सर्वांत किमती भाग, आणि छापील फॉर्ममध्ये त्याला जागा दिलेली असते दोन बोटांची. मी नोकरी करेन, पुढे शिकेन, वेगळ्या घरात राहू, तुझी बदली झाली तर माझ्या संमतीशिवाय मला हलवायचं नाही. अशा वाजवी अटी घालता येतात. ‘बायको कधीच खर्च मागणार नाही’ असली अट मात्र कोर्टात टिकत नाही, तेव्हा कुणी ती घालू पाहिली तर घाबरू नकोस, पण सहीही करू नकोस.

या सगळ्यांत जड अट म्हणजे तलाक-ए-तफवीज. नवरा आपला तलाकचा अधिकार ठरावीक परिस्थितीत बायकोकडे सोपवतो. उदाहरणार्थ, तो दुसरा निकाह करेल, मारहाण करेल किंवा इतके महिने खर्च देणार नाही, तर ती स्वतःला तलाक देऊ शकेल. ही पळवाट कुण्या आधुनिक बाईने शोधलेली नाही, हनफी फिक्हच्या, म्हणजे आपल्याकडचे बहुतेक सुन्नी मानतात त्या धर्मशास्त्राच्या, जुन्या ग्रंथांतली आहे, आणि भारतातल्या कोर्टांनीही ती मान्य केलेली आहे. पाकिस्तान आणि बांगलादेशच्या सरकारी निकाहनाम्यात तर तिच्यासाठी अठरावा रकाना छापलेलाच असतो, जो काजी बऱ्याचदा न विचारता रेघ मारून टाकतो, अशी तिथल्या बायकांची जुनी तक्रार आहे. आपल्याकडे असा सक्तीचा सरकारी नमुना नाही. त्यामुळे रकाना खोडायचा प्रश्न नाही, तो तुलाच लिहावा लागेल.

‘लग्नाआधीच तलाकचं काय बोलायचं, अपशकुन!’ असं घरचे म्हणतील. म्हणू देत. नवं घर घेतलं की त्याच दिवशी आपण कुलूप बसवतो, चोर यायची वाट बघत नाही.

तलाकबद्दल मोठमोठ्याने बोललं जातं, पण नेमकं क्वचित. कुराणाच्या दुसऱ्या सूऱ्यात तलाक दोनदा, मग भलेपणाने ठेवणं नाहीतर भलेपणाने सोडणं, असा क्रम आहे. चौथ्या सूऱ्याची पस्तिसावी आयत दोन्ही घरांतून एकेक मध्यस्थ नेमायला सांगते. एका दमात तीनदा बोलून मोकळं होणं या क्रमात बसत नाही. हनफी आलिमसुद्धा त्याला ‘बिद्दत’, म्हणजे धर्मात मागाहून घुसलेली रीत, आणि पाप म्हणायचे, पण ‘पाप खरं, तरी लागू’ असं धरायचे. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी सात मुस्लिम बायकांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला तो याच्याविरुद्ध. सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी तलाक रद्द ठरवला २२ ऑगस्ट २०१७ ला, पाचपैकी तीन न्यायमूर्तींच्या बहुमताने. मध्ये एकावन्न वर्षं गेली. ईजिप्तने एका बैठकीतले तीन तलाक एकच मोजायचं १९२९ मध्येच ठरवलं होतं.

२०१९ च्या कायद्याने तोंडी, लेखी, मोबाइलवर, कसाही दिलेला झटपट तलाक निरर्थक तर केलाच, वर गुन्हाही केला. तीन वर्षांपर्यंत कैद. तलाक निरर्थक म्हणजे निकाह कायम, हे बऱ्याच जणींना कळत नाही. कित्येक जणी व्हॉट्सॲपवरचा मेसेज दाखवत ‘माझा तलाक झालाय’ असं सांगत येतात. झालेला नसतो. तक्रार ती स्वतः किंवा तिचे रक्ताचे वा लग्नाचे नातेवाईक करू शकतात, आणि तिला व मुलांना निर्वाहभत्ताही मागता येतो. कैदेच्या तरतुदीबद्दल माझं मन अजून साफ नाही. नवरा तुरुंगात गेला तर भत्ता देणार कुठून, हा प्रश्न माझ्या पक्षकारच मला विचारतात. पण कायद्याचा धाक बसलाय हे मी पाहतेय. ‘तीनदा म्हणून टाकीन’ ही धमकी आता पूर्वीसारखी सहज निघत नाही.

एक-एक करून, मध्ये वेळ ठेवून दिलेला तलाक, अहसन किंवा हसन, अजून चालतो. पण तोही नुसता ‘दिला’ म्हणून भागत नाही. शमीम आरा खटल्यात नवऱ्याने १९९० मध्ये कोर्टात लेखी म्हणणं दिलं, की मी हिला १९८७ लाच तलाक दिलाय. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितलं, असं कागदावर मागाहून म्हटल्याने तलाक होत नाही. वाजवी कारण हवं, समेटाचा प्रयत्न झालेला हवा, आणि उच्चारल्याचा पुरावा हवा. त्याच वर्षी आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातल्या पूर्णपीठानेही दगडू पठाण प्रकरणात हेच म्हटलं. मराठी मुलखात वकिली करणाऱ्या आम्हा लोकांना हा निकाल तोंडपाठ असतो, बायकांना मात्र कुणी सांगत नाही.

आता तुझ्या बाजूने सुटायचं तर? खुला, म्हणजे बायकोच्या पुढाकाराने. त्याचं मूळही हदीसमध्ये आहे. साबित इब्न कैस यांची बायको पैगंबरांना म्हणाली, त्याच्या दीनात, म्हणजे धर्माचरणात, किंवा वागण्यात मला खोट दिसत नाही, पण त्याच्यासोबत राहणं मला नको. पैगंबरांनी विचारलं, त्याने मेहेरमध्ये दिलेली बाग परत देशील? ती हो म्हणाली. साबितला सांगण्यात आलं, बाग घे आणि सोड तिला. प्रत्यक्षात खुलाचं भांडवल होतं. नवऱ्यालाच तलाक हवा असतो, पण मेहेर बुडवायला तो ‘तूच खुला घे’ म्हणतो. त्रास देऊन देऊन तिच्याकडून कागद लिहून घेतो. तुझ्यापुढे कधी असा कागद आला तर सही करायच्या आधी वकिलाला दाखव.

खुला नवऱ्याच्या होकाराशिवाय पुरा होतो का, यावर केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बाईच्या बाजूने कौल दिला. २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सांगितलं, की शरियत कौन्सिलसारख्या खासगी मंडळाने दिलेला खुलाचा दाखला चालणार नाही, कौटुंबिक न्यायालयात जा. सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ मध्ये दारुल कझाच्या, म्हणजे शरियतप्रमाणे निवाडा देणाऱ्या खासगी मंडळाच्या, निवाड्यांना कायद्याचं बळ नाही असं म्हटलेलं आहे. त्याचा अर्थ दारुल कझात जाऊ नकोस असा नाही. स्वस्त पडतं, लवकर होतं, घरच्यांना पटतं. पण तिथला कागद घेऊन मग न्यायालयातून त्यावर घोषणा घ्यायची, नाहीतर दुसऱ्या निकाहाच्या किंवा पासपोर्टच्या वेळी अडचण उभी राहते.

आणि १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा विसरू नकोस. त्याखाली बाई थेट न्यायालयाकडे तलाक मागू शकते : नवरा चार वर्षं बेपत्ता असेल, दोन वर्षं खर्च दिला नसेल, सात वर्षांची शिक्षा झाली असेल, क्रूरपणे वागत असेल, एकाहून जास्त बायका असून न्यायाने वागवत नसेल. या कायद्याचा जन्म ऐकण्यासारखा आहे. हनफी मताप्रमाणे छळवादी किंवा परागंदा नवऱ्यापासून सुटणं जवळजवळ अशक्य होतं. धर्म सोडला की निकाह तुटतो, म्हणून पंजाबात काही बायका केवळ सुटकेसाठी धर्म सोडू लागल्या. हे पाहून देवबंदी परंपरेतले मौलाना अशरफ अली थानवी यांनी मालिकी या दुसऱ्या सुन्नी परंपरेच्या फिक्हमधले उपाय हनफींनी वापरावेत असा मार्ग काढून दिला, आणि त्यावर पुढे कायदा उभा राहिला. म्हणजे कर्मठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आलिमनेच एका फिक्हातून दुसऱ्यात दार उघडलं. ‘शरियतमध्ये काही हलवता येत नाही’ असं कुणी म्हणालं की मी हीच गोष्ट सांगते.

पोटगीबद्दल थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाचा शाहबानो निकाल २३ एप्रिल १९८५ चा; त्याने तलाकनंतरची पोटगी कायम केली. उच्च न्यायालयाने ठरवलेली पोटगी होती महिना १७९ रुपये २० पैसे. त्यावर देशभर गदारोळ झाला आणि तलाक झालेल्या मुस्लिम बायकांबद्दलचा १९८६ चा कायदा आला. सगळ्यांना वाटलं, आता इद्दतीच्या, म्हणजे तलाकनंतर थांबायच्या, तीन महिन्यांपुरताच खर्च. पण २००१ मध्ये दानियल लतीफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याच कायद्याच्या शब्दांवर बोट ठेवलं : तरतूद ‘इद्दतीपुरती’ करायची असं लिहिलेलं नाही, ‘इद्दतीच्या आत’ करायची असं लिहिलंय, आणि ती तिच्या पुढच्या आयुष्याचा विचार करून वाजवी असली पाहिजे. जो कायदा बाईच्या विरोधात आणल्याचं म्हटलं जात होतं, तो एका शब्दाने तिच्या बाजूला फिरला. सर्वोच्च न्यायालयाच्या १० जुलै २०२४ च्या निकालाने आणखी स्पष्ट झालं, की तलाक झालेली मुस्लिम बाई फौजदारी संहितेच्या कलम १२५ खालीही, म्हणजे आताच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालीही, पोटगी मागू शकते. घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा तर सगळ्यांना आहेच, तिथे धर्म विचारत नाहीत.

दुसऱ्या निकाहाचं असं आहे, की आज भारतात मुस्लिम पुरुषाला तो करता येतो. कुराणातली अट न्यायाची आहे, आणि ‘कितीही इच्छा असली तरी तुम्ही बायकांमध्ये न्याय करू शकणार नाही’ असं तेच कुराण पुढे म्हणतं. ट्युनिशियाने १९५६ मध्ये बंदी आणली ती हाच आधार घेऊन. इथे कोर्टाने एवढं दिलंय, की नवऱ्याने दुसरा निकाह केला तर पहिली बायको वेगळी राहून पोटगी मागू शकते. बाकी संरक्षण तफवीजच्या अटीत. उत्तराखंडात २७ जानेवारी २०२५ पासून समान नागरी संहिता लागू झाल्याने तिथे हा भाग वेगळा आहे, आणि गोव्याचा कायदा आधीपासूनच वेगळा.

मुलांच्या ताब्यात कोर्ट शेवटी मुलाचं हित बघतं. त्यावर आज लिहीत बसत नाही.

वारसा मात्र सोडवत नाही, कारण तू सून होणार आहेस तशी लेकही आहेस. समज, एका माणसाच्या मागे बायको, एक मुलगा, दोन मुली. दफनाचा खर्च, मेहेरसकट सगळी कर्जं आणि जास्तीत जास्त एक तृतीयांशाची वसीयत (मृत्युपत्र) फिटल्यावर ४८ लाख उरले. बायकोला आठवा हिस्सा, ६ लाख. उरलेल्या ४२ चे चार भाग : मुलाला २१, मुलींना साडेदहा-साडेदहा. मुलीला निम्मं, हे खरं. त्यामागचं पारंपरिक कारण असं, की भावावर घर पोसायची जबाबदारी आहे, बहिणीवर नाही, आणि तिला मेहेर मिळतो. ज्या घरात म्हाताऱ्या आईबापांना मुलगी सांभाळते आणि मेहेर ७८६ रुपये असतो, त्या घरात हे कारण किती उरतं, ते तूच ठरव.

मुलगा नसेल तर? त्याच ४८ लाखांत बायकोला ६, दोन मुलींना मिळून दोन तृतीयांश म्हणजे ३२, आणि उरलेले १० लाख जातात मयताच्या भावाकडे. सुन्नी कायद्यात असं आहे. शिया कायद्यात मुली असताना काकाला काही मिळत नाही. फक्त मुली असलेले सुन्नी बाप माझ्याकडे येतात ते यासाठीच. एक उपाय हिबा : हयातीतच मुलीला मिळकत बक्षीस द्यायची, तिने स्वीकारायची आणि ताबा खरोखर तिला द्यायचा. ताबा दिला नाही तर हिबा कोसळतो. दुसरा उपाय विशेष विवाह कायद्याखाली आपल्या जुन्याच लग्नाची नोंदणी करायची. मग भारतीय वारसा कायदा लागतो आणि मुलामुलींना सारखा वाटा मिळतो. २०२३ च्या महिला दिनी केरळातल्या एका वकील-अभिनेत्याने तीन मुलींसाठी बायकोशी असं दुसऱ्यांदा लग्न केलं होतं, पहिल्या निकाहाला २८ वर्षं उलटल्यावर.

आणि खरं दुखणं तर निम्म्याच्याही अलीकडे आहे. निम्मं मिळतच नाही. बाप गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या आसपास भाऊ हक्कसोडपत्र घेऊन येतो, तलाठ्याकडच्या वारसनोंदीत बहिणींची नावं गाळलेली असतात, आणि माहेर तुटू नये म्हणून बहीण सही करते. ज्या आयतीने निम्मं दिलं तीच आयत ‘हे अल्लाने ठरवून दिलेलं फर्ज आहे’ असंही म्हणते. पण भावांना त्या आयतीचा फक्त पहिला भाग पाठ असतो. बाप जिवंत असतानाच लिहून घेतलेलं हक्कसोड आपल्या कायद्यात सहसा टिकत नाही, मात्र त्या बदल्यात पैसे घेतले असतील तर गोष्ट वेगळी. शेतजमीन १९३७ च्या शरियत कायद्याच्या मजकुरातून वगळलेली आहे, तेव्हा सातबाऱ्याचा प्रश्न असेल तर स्थानिक वकिलाला कागद दाखवूनच पाऊल टाक.

पडद्याबद्दल तू विचारलं नाहीस, मीही सांगत नाही. तो तुझा प्रश्न आहे.

होणाऱ्या नवऱ्याशी हे कसं बोलायचं, ही तुझी खरी धास्ती असणार. काजीसमोर, मंडपात काढायचा हा विषय नाही. त्याला आधी एकट्याला सांग, की मला निकाहनामा दोघांनी बसून भरायचाय. तो वाचायला तयार आहे की ‘हे अब्बा बघतील’ म्हणतो, यातून तुला बरंच कळेल. तफवीजवर तो अडला तर ओरडा करू नकोस. कोणत्या परिस्थितीत लागू होईल ते दोघांनी मिळून लिहा, तीन ओळींत मावतं. मग दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना सांगा, ठरलंय म्हणून. साक्षीदारांत एक तरी तुझ्या ओळखीचा, पत्ता माहीत असलेला माणूस असू दे. दहा वर्षांनी साक्षीदार शोधत गावोगाव हिंडलेल्या बायका मी पाहिल्यात. सह्या झाल्या की प्रत तुझ्याकडे, तुझ्या हातात, आणि फोटो काढून अम्मीच्या मोबाइलवरही. लग्नाची सरकारी नोंदणी त्यानंतर लगेच करून टाका.

निकाहच्या दिवशी वाचायला वेळ मिळत नाही. नमाजाची वेळ होत आलेली असते, फोटोवाला घाई करतो, आतल्या खोलीत बायका दुपट्टा नीट करत असतात आणि कुणीतरी पेन पुढे धरतं. तेव्हा या जुम्म्यालाच काजीसाहेबांकडे जा, अब्बांना सोबत घे, आणि कोरा फॉर्म मागून आण. दोन आण, एक खाडाखोडीला लागेल.